काळ्या किनारीचं पाकीट

एडमंड थ्रेलकेल्डने मिसेस हॅलिवेलच्या पाकिटाची काळी किनार अंगठ्याने मापली आणि तो मटकन खुर्चीत बसला. किनार पुन्हा रुंद झाली होती.

तिचा नवरा, यॉर्कशरमधल्या गिरण्यांचा मालक, जाऊन दोन वर्षं उलटली होती. रिवाजाप्रमाणे सुतकातल्या विधवेच्या पत्राची काळी किनार दुःखाबरोबर बारीक होत जाते, आणि एक दिवस कागद पांढरा येतो. तो आला की लग्नाचं विचारायचं, असं एडमंडने ठरवलं होतं. आधी विचारलं तर लोक म्हणणार, लेखकाचा डोळा गिरण्यांवर आहे. दर महिन्याला कादंबरीचा हप्ता छापखान्यात धाडून तो पार शिणला होता. चारचौघांत बोलता येत नसे ते सारं तो तिला लिही. एवढं एकच लिहायचं राहिलं होतं.

"वाचून तरी बघ," त्याची थोरली बहीण डॉर्कस पावाला लोणी लावत म्हणाली. "की पाकीट बघूनच सुतक धरायचं?"

"इटलीहून आलंय. बिचारीचं आणखी कोण गेलं असेल? म्हणजे अजून वर्षभर तरी विचारायची सोय नाही."

"बघत बस मुहूर्त. नायिकेला तिसऱ्या हप्त्यात मागणी घालतोस, आणि स्वतःच्या वेळी तोंडात मिठाची गुळणी!"

"पुरे गं. दमलोय मी."

त्याने पत्र उघडलं. अक्षर तेच, मायाही तीच. त्याच्या खोकल्याची चौकशी, फ्लॉरेन्सच्या उन्हाचं कौतुक. मग तो थांबला आणि पुढचं मोठ्याने वाचू लागला.

"'मागचं पत्र पोचलं ना? त्यात सगळं सांगितलंच होतं. तुमचं उत्तर नाही, म्हणून जीवाला घोर लागलाय. काळ्या किनारीने घाबरू नका. सर लायोनेलच्या पहिल्या पत्नीच्या आई वारल्या. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं, पण रीत ती रीत.'"

डॉर्कसची सुरी लोण्यात थांबली.

"मागचं पत्र कुठलं?"

"मला मिळालंच नाही."

"अरे, पण पहिल्या बायकोच्या आईसाठी काळं कोण घालतं?"

"दुसरी बायको," एडमंड म्हणाला, आणि दौत जवळ ओढून सांत्वनाचं पत्र लिहायला बसला.