राखणदाराचा पहिला घाव

बर्फाच्या सहाव्या दिवशी तुदाच्या बारा शेळ्यांपैकी पाच गोठ्यातच आडव्या झाल्या. घाटाची वाट बंद होती, घरातले जव संपले होते. कुऱ्हाड घेऊन ती भावाच्या, बासूच्या दारात उभी राहिली.

"दादा, एका देवदाराच्या फांद्या हव्यात. एकाच. तू तेवढं तोंड फिरव."

"अगं, मी राखणदार! मीच तोंड फिरवलं तर गावानं अगदाल बंद केलंय कशाला?"

"मग शेळ्यांना तुझी शपथ खायला घालू का?"

अगदाल म्हणजे गावाचं राखलेलं रान. तीन वर्षं बासूने तिथल्या फांदीलाही कुणाला हात लावू दिला नव्हता. झाडं मोजायला शहरातून आलेल्या बाईंनी सांगितलं होतं, की जगभरच्या गाड्यांचा, गिरण्यांचा धूर हवेतून ओढून ही जुनी खोडं पोटात धरून ठेवतात. झाड मेलं की तो पुन्हा हवेत सुटतो, आणि पाऊस आणखी रुसतो. "म्हणजे आमचं रान जगाचं धुराडं!" असं म्हणून गाव हसलं होतं. बासूने मात्र ते मनाला लावून घेतलं. दुष्काळाने देवदार आधीच अर्धमेले झाले होते. कोवळा पाला शेंड्याला असतो, आणि असल्या वर्षी शेंडा छाटला की झाड उभं वाळतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

पण तुदा सापडली तर अख्ख्या गावाला जेवण घालायचा दंड. ती घालणार कशाचं? त्याने तिच्या हातातून कुऱ्हाड घेतली आणि स्वतःच झाडावर चढला. फक्त खालच्या फांद्या, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

तिसरी फांदी पडली तोच खाली गलका झाला. घावांचा आवाज ऐकून आलेली वीस-पंचवीस बायामाणसं, खांद्यावर कुऱ्हाडी, पुढे म्हातारा हद्दू.

"तुझ्या हातांना बरकत, बासू! उघडलंस एकदाचं!"

बासू झरझर खाली उतरला. रान उघडायचं ते राखणदाराच्याच पहिल्या घावाने, ही खापरपणजोबापासूनची रीत. बहिणीला दंडातून सोडवायच्या नादात हा शहाणा नेमकं तेच विसरला होता.

"नाही उघडलं, हद्दूकाका! ही चोरी आहे माझी! मला दंड करा, बांधून घाला, पण मागं फिरा!"

"राखणदाराची कुऱ्हाड चोरी करत नसते, पोरा." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "चाळीसातल्या एकोणीस शेळ्या उरल्यात माझ्या. आता मला परत पाठवू नकोस."

आणि घाव पडायला लागले. बासू गुडघाभर बर्फातून झाडाझाडाखाली धावत होता. "शेंडा सोडा! अरे, पाया पडतो, शेंडा तेवढा सोडा!" पण मरणाऱ्या जनावराचा धनी कोवळा पाला सोडतो होय?

शेवटी त्याने हद्दूला झाडावरून उतरवलं, स्वतः चढला आणि शेंडा वाचवून खालच्या फांद्या तोडून दिल्या. मग दुसऱ्याचं झाड. मग तिसऱ्याचं. दुपारपर्यंत अकरा झाडं झाली. हात सोलून निघाले होते आणि पलीकडच्या उतारावर एकामागून एक शेंडे कोसळत होते.

"बासू, इकडे ये रे!" खालून कुणीतरी हाक मारली. "आमचं झाड फार उंच आहे!"

तो रडत रडत उतरला आणि त्या झाडाकडे निघाला.