स्ट्रेट की बजेट

माझोंडी दक्षिण आफ्रिकेतल्या एडेंडेलच्या शाळेत पोरांसाठी मक्याच्या कण्या नि घेवडा शिजवायची. तिच्यापाशी क्रेडिट कार्ड आहे म्हटल्यावर शेजारणी तोंडावर हात ठेवायच्या. कार्ड म्हणजे घराला लागलेली वाळवी, असंच सगळ्यांचं मत. माझोंडीची रीत मात्र साधी होती. कार्डावर साखर घेतली, की घरी येऊन तेवढेच पैसे बिस्किटाच्या डब्यात टाकायचे. बिल आलं की डबा उपडा करून पै न पै भरून मोकळं व्हायचं. चौदा महिन्यांत तिने बँकेला व्याजाचा एक सेंट दिला नव्हता, उलट बँकच तिला प्रत्येक खरेदीमागे पॉइंट देत होती.

त्या पॉइंटांवर तिला केपटाउनचं विमान पकडायचं होतं. तिची लेक नोक्वाझी जानेवारीअखेर बाळंत होणार होती. पहिलंच बाळंतपण, आणि तिथे मायेचं माणूस एकही नाही. बसने गेलं तर अख्खा दिवस नि रात्र. मागच्या खेपेला माझोंडीचे गुडघे असे धरले होते की दोघांनी उचलून तिला खाली उतरवलं होतं.

पॉइंट थोडे कमी पडत होते. म्हणून तिने डिसेंबरात भिशीच्या बायकांपुढे विषय काढला. तिच्यासकट नऊ जणी वर्षभर पैसे जमवायच्या आणि नाताळाआधी एकदम बाजार भरायच्या.

"रोख माझ्याकडे द्या, दुकानात मी कार्डावर देते. तुमचं काही जात नाही, पॉइंट तेवढे मला मिळतील."

"म्हणजे आमच्या तांदळावर तुझं विमान उडणार म्हण की," मान्टुली म्हणाली. मान्टुली भिशीतली सगळ्यात थोरली, आणि जीभ तिची सुरीसारखी. "उडू दे बाई. पण येताना माझ्यासाठी खारवलेला मासा आण. रिकाम्या हाताने आलीस तर दार उघडणार नाही."

पीठ, तांदूळ, तेल, माशांचे डबे. बिल अठरा हजार रँडांचं झालं. गल्ल्यावरच्या मुलीने विचारलं, "मा, स्ट्रेट की बजेट?"

किरकोळ खरेदीला हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. पण यात विचार कसला करायचा? बजेट म्हणजे हिशोबाने, बेताने. तिचा जन्म त्यातच गेला होता. मागे आठ जणी ऐकत होत्या, म्हणून तिने आवाज जरा चढवलाच.

"बजेट."

"किती महिन्यांचं?"

"बाराच्या बारा. वर्षभर जमवलंय आम्ही."

मुलीने बटण दाबलं. माझोंडीने थेट बँकेत जाऊन भिशीची रोख आपल्या बचत खात्यात भरून टाकली आणि निर्धास्त घरी आली.

महिनाअखेर पॉइंट जिथल्या तिथे. तिने बँक गाठली. तिथला तरुण कारकून भला होता, हसला नाही.

"मा, एकरकमी भरायचं ते स्ट्रेट, बजेट म्हणजे हप्ते. बारा हप्ते, व्याजासकट. आणि आपल्याकडे हप्त्यांवर पॉइंट मिळत नाहीत."

"मग त्याला बजेट का म्हणतात रे बाळा?"

"ते मलाही अजून कळलेलं नाही, मा."

तिने अठरा हजार तिथल्या तिथे फेडले, वर तीनशे बारा रँड व्याज पदरचं घातलं. मग बाहेरच्या बाकड्यावर बसून ती रडली. व्याजाचं दुःख नव्हतं. नोक्वाझीला कळा सुरू होतील तेव्हा आई तिच्या उशाशी नसेल, हे तिला सोसवत नव्हतं.

नव्या वर्षाच्या बैठकीत तिने सगळं सांगून टाकलं. चुकीने, पण मिरवायला गेले म्हणून झालं, हेही सांगितलं. मग मान्टुलीने चहाचा कप खाली ठेवला.

"शहाणी ती शहाणी, नि बारा महिन्यांची दीडशहाणी. शाळा कधी उघडतेय?"

"पुढच्या बुधवारी."

"नातवंडांचे गणवेश, बूट, दप्तरं, सगळ्यांनाच घ्यायचीत. शनिवारी कार्ड घेऊन ये."

"नको. मला दया नको कुणाची."

"दया कसली मेली? कपडे घ्यायचेच आहेत. पैसे गल्ल्यात टाकले काय, तुझ्या डब्यात टाकले काय. माझा मासा बुडतोय इथे."

शनिवारी नऊ जणी त्याच दुकानात, कपड्यांच्या बाजूला शिरल्या. गल्ल्यावर नेमकी तीच मुलगी.

"मा, स्ट्रेट की..."

"स्ट्रेट," मागून आठ जणी एका सुरात म्हणाल्या. दारावरचा पहारेकरी वळून बघायला लागला.

मुलीने मशीन पुढे केलं. माझोंडीला पिन घालायचा होता, पण डोळे भरून आले होते आणि आकडे दिसेनात. मान्टुलीने तिला हळूच कोपराने ढोसलं.

"दाब की. विमान थांबणार आहे का तुझ्यासाठी?"