आडगावचा कंपाउंडर

“मेला तो. पक्का मेला. आता तो काही परत येत नाही,” टिकारामजी उपकेंद्राच्या ओट्यावर बसत म्हणाले. “नर्सबाई, तुमी आपल्या सुया पाहा.”

नंदाबाईंच्या हातात खरोखरच सुई होती. समोर टिकारामजींची सून मोनाली साडेतीन महिन्यांच्या पोरीला मांडीवर घट्ट धरून बसली होती. नंदाबाईंनी पोरीच्या मांडीत सुई टोचली, काढली, कापूस दाबला आणि पोरगी भोकाड पसरायच्या आत म्हणाल्या, “मेला नाही जी. मी त्याच्या मानेची शीर पाहिली. उडत होती.”

“नटाची शीर उडनारच ना बाई. तो का खराखुरा मरन?” दुर्गेश हसत म्हणाला. त्याचं केशकर्तनालय समोरच होतं आणि सोमवारी ते बंद असे. म्हणून सोमवारी तो इकडेच.

“मंग कॅमेरा मानेपाशी कायले नेला त्यायनं?” नंदाबाई म्हणाल्या. “ दुसरीकडं नेला असता. मुद्दाम दाखवलं ते.”



हे सगळं ‘आडगावच्या भानगडी’ या मालिकेवरून चाललं होतं. दर रविवारी सकाळी अकराला ती लागे. आडगाव नावाच्या गावात कोणीतरी घरोघरच्या कुकरच्या शिट्ट्या चोरतो. गावात एकाही घरी शिट्टी उरत नाही, आणि मग ज्याला चोर कळलाय असा दवाखान्यातला कंपाउंडर एका सकाळी मेलेला सापडतो. पोस्टातल्या शकूताई टपाल वाटता वाटता तपास करतात. असली वेडी गोष्ट, पण कामठ्याजवळच्या नंदाबाईंच्या गावाने ती डोक्यावर घेतली होती. धान कापून झालं होतं, लोकांना वेळ होता, आणि प्रत्येकाचं आपलं मत होतं.

नंदाबाईंनाही मत होतं याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटे. एकतीस वर्षं त्या याच उपकेंद्रात होत्या. येत्या मार्चमध्ये निवृत्ती. दुर्गेश त्यांच्याच हातावर जन्मला होता. गोळी कधी घ्यायची, पोराला काय चारायचं, हे गाव त्यांना विचारी. पण तुम्हाला काय वाटतं, असं कोणी कधी विचारलं नव्हतं. मालिका सुरू झाली आणि एकदा सहज त्या म्हणाल्या, की कंपाउंडरने पट्टी उलटी बांधलीय. तेव्हापासून दर सोमवारी ओट्यावर कोणीतरी विचारूच लागलं, “काय वाटते सिस्टर?” हे विचारणं त्यांना फार आवडे. रविवारी त्या वही घेऊन टीव्हीसमोर बसत.

त्यांच्याविरुद्ध टिकारामजी. अडुसष्ट वर्षांचे, उंच, आवाज खणखणीत. तरुणपणी बावीस वर्षं त्यांनी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या जत्रांच्या, नाटकांत खलनायक केला होता. आमगावला एकदा एका म्हातारीने त्यांच्यावर चप्पल फेकली होती. ती गोष्ट ते पुरस्कार मिळाल्यासारखी सांगत.

“नाटकात एक डाव मेला तो मेला,” ते म्हणाले. “मी किती जनायले मारलं. एक बी उठला नाही.”

“हा उठनार.”

“लावा शर्त.”

नंदाबाईंनी पोरीच्या कार्डावर तारीख लिहिली. मग पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, “लावते. कंपाउंडर जिवंत निघाला तं तुमी डोऱ्याच्या आपरेशनले गोंदियाले चालायचं. माह्यासंगं.”

ओट्यावरचे सगळे हसले. टिकारामजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता हे गावाला ठाऊक होतं, एक त्यांना सोडून. तीनदा नंदाबाईंनी त्यांचं नाव यादीत घातलं आणि तिन्ही वेळा दवाखान्याची गाडी येण्याच्या दिवशी ते कोहमाऱ्याला लेकीकडे निघून गेले.

“अन् मेला निघाला तं?”

“तं मी आपरेशनचं नावच काढनार नाही. शब्द देते.”

“तुमी सारे आयकून राहिले ना?” टिकारामजींनी हात वर करून विचारलं. अगदी पडद्यापुढे येऊन विचारावं तसं.

पुढचे तीन रविवार गावात दोन तट पडले. मोनाली सासऱ्याच्या घरात राहून नर्सबाईंच्या बाजूची. दुर्गेशच्या दुकानात टीव्ही होता. तिथे टिकारामजी पहिल्या खुर्चीवर बसत आणि मालिका चालू असतानाच बोलत, “हा सरपंच खोटं बोलून राहिला. आवाज पाहा कसा पातर झाला.” आणि ते बहुतेक बरोबर निघे. लोक म्हणत, म्हाताऱ्याला नाटक कळतं.

शेवटच्या भागात कंपाउंडरचं तेरावं दाखवलं. फोटोला हार होता. तो मेलाच होता.

सोमवारी नंदाबाई नेहमीपेक्षा लवकर आल्या आणि लशींच्या डब्यात उगाच बर्फ नीट करत बसल्या. सकाळी दहाला ओटा भरला. कोणी काही बोलायच्या आत त्यांनीच सांगून टाकलं, “हारली मी. तो मेलाच. शीर बीर काही नाही, त्यायले शूटिंग करता येत नाही एवढंच.”

लोक मनापासून हसले. टिकारामजी खांद्यावर गमछा टाकून आले, मधोमध बसले.

“म्हटलं होतं ना मी. अन् मारला कोनं, हे बी मले पहिल्या दिवसापासून मालूम होतं. बँडवाला. शेवटी कसा क्लॅरनेट वाजवत निघून गेला, पाहिलं?”

ओट्यावरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दुर्गेश खोखो हसला. “काय बुढा झोपला होता का बे? अरे, हेडमास्तर होता ना तो.”

नंदाबाईंनी मान वर केली. मालिकेचा शेवट त्यांच्या डोळ्यांपुढे आला. त्यात कोणी एक शब्द बोललं नव्हतं. लांबून बँडवाल्याचं क्लॅरनेट ऐकू येत होतं. हेडमास्तर शाळेतली हार्मोनियमची पेटी उघडतात आणि आत सगळ्या गावाच्या शिट्ट्या चकाकतात. एवढंच. जो पाहील त्याला कळेल. जो नुसता ऐकेल त्याला क्लॅरनेट तेवढं कळेल.

टिकारामजी हसण्याचा अंदाज घेत कधी या आवाजाकडे, कधी त्या आवाजाकडे तोंड वळवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं, पण गमछ्याचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं. इतके आठवडे पहिल्या खुर्चीवर हा माणूस का बसत होता, हे नंदाबाईंच्या लक्षात आलं.

“हासता कायले?” त्या म्हणाल्या. “टिकारामजी म्हनते तेच खरं हाय. पेटी मास्तरची, पन शिट्ट्या ठेवल्या बँडवाल्यानं. मास्तरनं तं नुसती उघडली. मी बी तेच लिहून ठेवलं.”

“सिस्टर, तुमी बी?” दुर्गेशला हसू आवरेना. “आंधी मेलेल्या मानसाले जिवंत केलं, आता चोरच बदलला. तुमचं काही खरं नाही.”

“नसन. मले तसं वाटलं.”

हसणं मग सगळं नंदाबाईंकडे वळलं. कोणी म्हणालं, बाईंना आता चष्मा लावा. कोणी म्हणालं, निवृत्तीचा परिणाम. नंदाबाई त्यांच्याबरोबर हसल्या. आत कुठेतरी त्यांना थोडं लागलं. आता पुढच्या सोमवारी ‘काय वाटते सिस्टर’ असं कोणी विचारणार नव्हतं. पण त्यांनी सुई हातात घेतली आणि पुढच्या पोराला हाक मारली.

दुपारी ओटा रिकामा झाला. मोनाली पोरीला घेऊन घरी गेली. टिकारामजी बसूनच होते.

“तुमी काही लिहून गिहून ठेवलं नव्हतं,” ते म्हणाले.

नंदाबाई रजिस्टरमध्ये बघत राहिल्या.

“शेवटी टीव्हीवर काय दिसलं, ते सांगा मले. पुरं सांगा.”

नंदाबाईंनी रजिस्टर मिटलं आणि त्यांच्याजवळ पायरीवर बसून सांगायला सुरुवात केली. शाळेची खोली. संध्याकाळचं ऊन. हेडमास्तरांचा पांढरा सदरा, खिशाला शाईचा डाग. ते कसे एकदा दाराकडे बघतात, पेटीवरची धूळ बाहीने पुसतात, झाकण उचलतात. आत शिट्ट्या, दोनशे तरी असतील, आणि ऊन पडल्याबरोबर त्यांचा उजेड मास्तरांच्या तोंडावर कसा हलतो. मास्तर हसत नाहीत, रडत नाहीत. एक शिट्टी उचलून कानाशी धरतात.

टिकारामजी मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, “चांगलं काम केलं त्या मानसानं. मी असतो तं हासलो असतो. चुकलं असतं माहं.”

नंदाबाईंनी मांडीवरचं रजिस्टर सारखं केलं.

“शब्द देल्ला हाय मी,” नंदाबाई शेवटी म्हणाल्या. “म्हनून मी काही म्हनत नाही.”

“तुमी नोका म्हनू.” टिकारामजींनी गमछ्याने तोंड पुसलं. “मीच इचारतो. गाडी कोन्या दिवशी हाय? अन् कापतानी दुखते का, ते खरं सांगा. मले भेव लागते जी. बावीस वर्ष लोकायले भेव दाखवलं, पन मले सुईचं बी भेव लागते.”

“दुखत नाही. मी हात धरून राहीन.”

“लोकायले सांगू नोका हात धरला म्हनून.”

गाडी गुरुवारी होती. टिकारामजी कोहमाऱ्याला गेले नाहीत. गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात ते रांगेतल्या बाकीच्या म्हाताऱ्यांना धीर देत बसले, आणि स्वतःचा नंबर आला तेव्हा त्यांनी नंदाबाईंचं मनगट इतकं आवळलं, की दुसऱ्या दिवशीही बोटांच्या खुणा दिसत होत्या. शुक्रवारी सकाळी उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली. डॉक्टरांनी किती बोटं म्हणून विचारलं. टिकारामजींनी बोटं सांगितली आणि वर डॉक्टरांच्या बोटातल्या अंगठीचा खडा कोणत्या रंगाचा तेही सांगितलं.

दुपारी कामठ्याच्या एसटीत दोघांना जागा मिळाली. काळा चष्मा लावून टिकारामजी खिडकीशी बसले. गाडी सुटली तशी त्यांनी रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायला सुरुवात केली, मराठी असो की हिंदी. “येथे मोटार रिवाइंडिंग करून मिळेल. ताजा पनीर. ट्रॅक्टर पार्ट्स. यहां पेशाब करना मना है.” पुढच्या बाकावरचे लोक वळून बघू लागले.

नंदाबाई दोन दिवस नीट झोपल्या नव्हत्या. गोंदिया सुटेपर्यंत त्यांचा डोळा लागला आणि मान कलून टिकारामजींच्या खांद्याला टेकली. टिकारामजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, खांदा हलू नये म्हणून समोरच्या बाकाचा दांडा धरला, आणि पुढच्या पाट्या ते आवाज अगदी बारीक करून वाचू लागले.