नोंदवहीतला कुत्रा

पाणीखात्यात मीटर वाचणारे नऊ जण होते. त्यांच्यातल्या एकाला सगळे बिस्किट म्हणत. त्याच्या शर्टाच्या डाव्या खिशात साध्या बिस्किटांचा पुडा असे. त्याच्या भागात चारशे बारा घरं होती, त्यांपैकी छत्तीस घरांत कुत्रे होते, आणि तो खिसा त्या छत्तीसही कुत्र्यांच्या ओळखीचा होता. एकोणीस वर्षांत त्याला एकदाही इंजेक्शन घ्यावं लागलं नव्हतं. खात्यात हा विक्रम होता.

खात्याचा नियम साधा होता. दर दोन महिन्यांनी घरात जायचं, मीटरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. घरात अंगावर येणारा कुत्रा असेल तर मात्र आत जायचं नाही. घराच्या क्रमांकापुढे ‘कुत्रा’ असा शेरा मारायचा आणि मागच्या वर्षीच्या सरासरीवरून आकडा टाकायचा. बाकीच्या आठ जणांच्या वह्यांत असे शेरे पुष्कळ असत. ऊन वाढलं की शहरातले कुत्रेही वाढतात, असं वरिष्ठ कारकून म्हणायचा.

बिस्किटच्या वहीत असा शेरा एकाच घरापुढे होता. त्यामुळे त्या एका कुत्र्याचा कचेरीत फार बोलबाला झाला होता. बिस्किटसारखा माणूस ज्याच्या दारातून परत फिरतो, ते जनावर असेल तरी केवढं? कुणी वासराएवढं सांगे, कुणी म्हणे की तो भुंकत नाही, नुसता बघतो. बिस्किट यावर काहीच बोलत नसे. लोकांना तो त्याचा नम्रपणा वाटे.

त्या घरात कुत्रा नव्हता. एक निवृत्त शिक्षिका होत्या आणि त्यांची करडी मांजर होती.

बिस्किट त्यांना बाई म्हणायचा. त्यांच्या घरी तो अकरा वर्षं नेमाने जात होता. मीटर स्वयंपाकघरात, सिंकखालच्या कपाटात होता. आकडा वाचायला अर्धं मिनिट लागे आणि बाईंच्या तावडीतून सुटायला अर्धा तास. विषय ठरलेला असे. तो कुत्र्याच्या बाजूने, बाई मांजराच्या. तो सांगे, माझा कुत्रा संध्याकाळी फाटकाशी वाट बघत उभा असतो, तुमची मांजर कधी दाराकडे तरी बघते का? बाई म्हणत, वाट बघणं हे काही गुण असल्याचं लक्षण नाही, शाळा सुटायची वाट सगळा वर्ग बघतो. सुरुवातीला त्याला यात मजा वाटायची. पुढे पुढे तो दारात पाऊल टाकतानाच घड्याळ बघू लागला.

शेवटच्या खेपेला बाई म्हणाल्या होत्या, “कुत्र्याचं प्रेम म्हणजे सरसकट सगळ्यांना पास. मालक चोर असला तरी शेपूट हलणारच. मांजर पेपर तपासते. अकरा वर्षं येताय तुम्ही, एकदा तरी तुमच्या मांडीवर बसली का?”

त्या हसत बोलल्या होत्या. त्याला मात्र ते लागलं. तो कपाटापुढे उकिडवा बसला असताना बाईंचं बोलणं चालूच होतं. ही मांजर दुपारभर याच कोपऱ्यात झोपायची, आता महिना झाला, इथे फिरकत नाही, उशी टाकून पाहिली तरी नाही. “मांजरांची तऱ्हाच असते,” असं म्हणून त्याने वही मिटली आणि तो निघाला.

दोन महिन्यांनी तो त्याच फाटकाशी आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि अजून अकरा घरं राहिली होती. त्याने पेन काढलं आणि उभ्या उभ्याच ‘कुत्रा’ असं लिहिलं. मांजरवाल्या बाईंच्या घरात आपण एक कुत्रा सोडला, या कल्पनेने त्याला पुढच्या दोन-तीन घरांपर्यंत हसू येत होतं.

हे एकदाच करायचं असं त्याने ठरवलं होतं. पण एकदा मारलेला शेरा काढायचा तर कारण लिहून वरिष्ठांची सही घ्यावी लागे, आणि जो कुत्रा नव्हताच तो गेला कसा, हे लिहिणं अवघड होतं. पुढच्या खेपेला त्याने तोच शेरा मारला. त्याच्या पुढच्या खेपेलाही. अशा नऊ खेपा झाल्या. बिलावर पुढच्या वाचनाची तारीख छापलेली असे. त्या तारखेला बाईंचं दार सकाळपासून अर्धवट उघडं असायचं. पहिल्या तीन खेपांना त्याने ते समोरच्या फुटपाथवरून पाहिलं. नंतर तो मागच्या गल्लीतून जाऊ लागला.

दीड वर्षाने एका सकाळी निरीक्षकांनी त्याला बोलावलं. वयाने मोठे, सरळ माणूस. बाईंच्या स्वयंपाकघरातली जमीन खचली होती. सिंकपुढची फरशी पायाखाली बसली, पाय घोट्यापर्यंत आत गेला आणि हाड मोडलं. मीटरच्या पुढचा पाइप जमिनीखाली गळत होता आणि पाण्याने खालची माती वाहून नेली होती. दर दोन महिन्यांनी आकडा वाचला गेला असता तर पहिल्या नाहीतर दुसऱ्या खेपेलाच गळती कळली असती.

“पण तुझा इलाज नव्हता,” निरीक्षक म्हणाले. त्यांनी भांडारातून कातडी हातमोजा आणि काठी मागवून घेतली होती. वाटेत त्यांनी कुत्र्याची जात विचारली. बिस्किट म्हणाला, मिश्र असेल. आजवरचं खोटं फक्त शाईतलं होतं. हे तोंडातून आलं.

दार शेजारच्या सुताराने उघडलं. बाई खुर्चीत होत्या, प्लास्टरमधला पाय स्टुलावर. निरीक्षक उंबऱ्यावर बिस्किटच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, “बांधलाय ना?”

“कोण?” बाईंनी विचारलं.

निरीक्षकांनी सगळं समजावून सांगितलं. नियम, शेरा, नऊ खेपा. पुरावा म्हणून वही उघडून बाईंपुढे धरली. बाईंनी चष्मा लावला आणि बोट फिरवत नऊही नोंदी वाचल्या. एकाच हातचं अक्षर होतं, एकाच वळणाचं. त्यांनी मान वर करून बिस्किटकडे पाहिलं. तो निरीक्षकांच्या हातमोज्याकडे बघत होता. मांजर बाहेरच्या खोलीतल्या उंच कपाटावर बसली होती. तिथून तिला सगळे दिसत होते.

“कुत्रा होता का, एवढं फक्त लिहून हवंय,” निरीक्षक म्हणाले.

“होता,” बाई म्हणाल्या. “गेला मागच्या महिन्यात.”

निरीक्षकांनी हातमोजा काढला आणि त्यांचं सांत्वन केलं. मग अर्ज पुढे केला. ‘मीटरपर्यंत जाण्यास घरमालकाकडून अडथळा’ या ओळीपुढे त्यांनी ‘होता’ लिहिलं आणि बाईंनी खाली सही केली.

त्या ओळीचा अर्थ बिस्किटला माहीत होता, बाईंना नव्हता. अडथळा घरमालकाचा असेल तर खणणं, पाइप बदलणं आणि फरशी बसवणं हे सगळं घरमालकाने करायचं. खात्याने सलग तीन खेपा स्वतःहून चुकवल्या असतील तर ते काम खात्याचं. बोलायची वेळ हीच होती. निरीक्षक अर्जाची घडी घालेपर्यंत ती होती. मग ती गेली.

निरीक्षक खचलेल्या जागेचं माप घ्यायला आत गेले तेव्हा बाईंनी हळू आवाजात विचारलं, “नोकरी गेली असती ना?”

बिस्किटने मान डोलावली.

“मग झालं तर.”

सुतार बाहेरपर्यंत पोचवायला आला. एवढं काम करवून घेणं बाईंच्या आवाक्यातलं नाही, त्या आता भाच्याकडे राहायला जाणार, असं त्याने सांगितलं. भाच्याच्या बायकोला घरात मांजर चालत नाही. मांजरीचं काय करायचं म्हणून सुताराने विचारलं होतं, तर बाई म्हणाल्या, ती पेपर तपासून दुसरं घर शोधेल.

संध्याकाळी बिस्किटचा कुत्रा रोजच्यासारखा फाटकाशी उभा होता. तो अंगावर झेपावला, भोवती तीन वेळा फिरला, आणि मग ज्या हाताने नऊ वेळा शेरा लिहिला तो हात चाटू लागला. बिस्किटने हात मागे घेतला. कुत्र्याला तो खेळ वाटला. बायकोने विचारलं, जेवायला वाढू का, तर तो म्हणाला, थांब जरा. तो बराच वेळ पायरीवर बसून राहिला आणि कुत्रा त्याच्या पायावर हनुवटी टेकून बसला. एवढं प्रेम आपल्याकडे विनाचौकशी येतंय, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच तो निरीक्षकांच्या टेबलापुढे उभा राहिला.

“साहेब, त्या घरात कुत्रा नव्हता.”

“गेला ना तो,” निरीक्षक म्हणाले.

“नव्हताच. कधीच.”

निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं. “मग काय होतं?”

“मांजर.”

दुपारपर्यंत कँटीनला कळलं. त्याच्या टेबलावर कुणी बसलं नाही. वरिष्ठ कारकून जाता जाता एवढंच म्हणाला की मांजर वासराएवढी असेल, आणि कुणी हसलं नाही. नोकरी गेली नाही, भाग गेला. चारशे बारा घरं दुसऱ्याकडे गेली आणि बिस्किटला भांडारात बसवलं, नळाचे वॉशर आणि जोड मोजून द्यायला. आठवड्याच्या आत खात्याची माणसं बाईंच्या घरी पोचली. जमीन खणली, पाइप बदलला. बाईंना भाच्याकडे जावं लागलं नाही.

हे सगळं ठीक झालं असं त्याला वाटू लागलं होतं. तेवढ्यात निरीक्षकांनी सहज सांगितलं की जुना अर्ज रद्द करायला त्यांना बाईंकडे पुन्हा जावं लागलं. ‘माझं आधीचं निवेदन खरं नव्हतं’ असं बाईंना स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागलं. एकतीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. लिहिताना एक शब्द बोलल्या नाहीत, निरीक्षक म्हणाले. तूही आधी काही सांगितलं नव्हतंस म्हणे त्यांना.

सुट्टीच्या दिवशी तो गेला. बाईंनी स्वतः दार उघडलं, हातात काठी होती. आत या म्हणाल्या नाहीत.

“मी जन्मात एकच खोटं सहीनिशी लिहिलं,” त्या म्हणाल्या, “तेही तुमच्यासाठी. ते खोडायच्या आधी मला विचारायला हवं होतंत.”

तो म्हणाला, तुमच्या घराचा विचार केला.

“केलात, बरं केलंत. पण पुन्हा लांबूनच केलात. मागच्या गल्लीतून.”

म्हणजे ती गल्लीही त्यांना माहीत होती. मग जे निरीक्षकांनाही सांगितलं नव्हतं ते तो बोलला.

“बाई, ती कोपऱ्यात बसत नाही असं तुम्ही सांगितलं होतं. खालून ओल होती म्हणून बसत नव्हती. मी पाण्याच्या खात्यातला माणूस. मला तेव्हाच कळायला हवं होतं.”

“ऐकलं होतंत तुम्ही?” बाईंनी विचारलं. “मला वाटलं, माझं बोलणं तुमच्या कानावर पडतच नाही.”

“ऐकलं होतं.”

बाई दारातून बाजूला झाल्या. “मीटर वाचून जा.”

आता हा भाग आपल्याकडे नाही, वहीही नाही, असं तो म्हणाला.

“वही कुणी मागितली? वाचा फक्त.”

फरशा नव्या होत्या, त्यांच्यामधलं सिमेंट अजून ओलं होतं. गवंड्याने टाकलेल्या फळीवरून तो सिंकपर्यंत गेला, कपाट उघडून गुडघ्यांवर बसला आणि आकडा वाचला. बाईंनी दारातूनच तो बिलाच्या पाठीवर लिहून घेतला. पाचवा अंक ऐकू आला नाही म्हणून पुन्हा वाचायला लावला. त्याने पुन्हा वाचला.

मांजर बाहेरच्या खोलीतल्या कपाटावरून खाली उतरली, फळीवरून चालत त्याच्यापर्यंत आली. त्याच्या खिशात पुडा होता. तिने खिसा हुंगला, मग त्याचा हात हुंगला, आणि वळसा घालून बाईंच्या खुर्चीखाली जाऊन बसली.