भाजी आणले, भाजी आणली

उदगीरच्या सुकन्याला फ्रेंचमधलं बरंच काही जमलं होतं. नाकातून बोलणं जमलं, लिहिलेली निम्मी अक्षरं गिळणंही जमलं. गाडं अडलं ते एका चिठ्ठीपाशी. 'मी चिठ्ठी लिहिली' म्हणताना 'एक्री' म्हणायचं, पण 'ही चिठ्ठी, जी मी लिहिली' म्हणताना 'एक्रित'. असल्याच चुकांनी फ्रेंचच्या परीक्षेत दोन खेपा पास होणं थोडक्यात हुकलं होतं.

फ्रान्समधल्या एका कॉलेजात बेकरीचं शिक्षण घ्यायचं तिच्या मनात होतं. अप्पांनी, म्हणजे डाळीचे व्यापारी संगप्पांनी, शेवटचं सांगून टाकलं होतं, "ह्या खेपेला पास झालीस तर जा. न्हाई तर गुमान दुकानात बस." पोरगी तिसऱ्यांदाही नापासच होईल, असा त्यांचा अंदाज असावा. बापाचं मन कधी कधी असं लबाड असतं.

"पण लिहिणारी मी! क्रियापदानं चिठ्ठीचं कशाला ऐकायचं?" ऑनलाइन शिकवणाऱ्या मॅडमना तिनं पाचदा विचारलं. मॅडमनी पाचदा नियम सांगितला. पालथ्या घड्यावर पाणी.

परीक्षेला चार दिवस उरले असताना ती लातूरच्या भाड्याच्या खोलीवर मेथीची जुडी घेऊन आली. "मी भाजी आणले गं."

खोलीतली जोडीदारीण धम्मप्रिया अर्धापूरची, मराठी विषय घेऊन बी.एड. करणारी. ती फिदीफिदी हसली. "आणले? भाजी आणली म्हण की! तुमच्या उदगीरात क्रियापद बी माणसाचंच ऐकतंय का? आणणारी कुणी का असंना. भाजी आणली, कांदा आणला, मीठ आणलं!"

एरवी सुकन्या तावातावानं भांडली असती. आज जुडी हातात धरून तशीच उभी राहिली. म्हणजे करणारीला सोडून वस्तूच्या मागं लागायची खोड मराठी क्रियापदालाही होती, तिच्या गावानंच ती मोडून काढली होती! फ्रेंच फक्त जरा जास्त तऱ्हेवाईक. चिठ्ठी पंगतीत आधी येऊन बसली तरच तिचा मान, मागून आली तर तिला कोणी विचारत नाही. पुढचे चार दिवस सुकन्या दिसेल ती वस्तू वाक्यात पुढं-मागं बसवत राहिली. मेथी धम्मप्रियालाच निवडावी लागली.

तोंडी परीक्षेत तिचं 'एक्रित' असं खणखणीत वाजलं, की समोरच्या बाईंनी मान वर करून पाहिलं. महिन्याभरानं निकाल लागला. सुकन्या खोलीभर नाचली आणि धापा टाकतच तिनं फोन लावला.

"पास झाले, अप्पा!"

पलीकडे तराजू खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अप्पा दुकानातल्या गिऱ्हाइकाला सांगताना ऐकू आले, "आमची सुकन्या फ्रान्सला गेली."

"गेली काय, अप्पा! अजून आठ महिने हायत. जाणार हाय म्हणा."

"हाव, जाणार हाय," अप्पा म्हणाले. "पर मला आजच गेल्यावानी वाटायलंय, बाळा."

यावर सुकन्याला काही दुरुस्ती सुचेना. ती फोन धरून रडत राहिली, आणि पलीकडे गिऱ्हाईक तूरडाळ मागत राहिलं.