शेवंतीकाकूंची कवळी

मित्रांनो, मी एक जुनी कवळी आहे. जुनी, पण एकदाही न वापरलेली. ज्या गुरुवारी मी शेवंतीकाकूंच्या तोंडात बसणार होते, त्या दिवशी घाटकोपरच्या दवाखान्यात त्यांचे यजमान धोंडूकाका एकटेच आले.

"काकू कुठे राहिल्या? आज तर दात मिळायचे," डॉक्टरांच्या मदतनीस कुंदाताईने विचारले.

"गेली ती. मंगळवारी. भाकऱ्या थापता थापता छातीत दुखलं."

एवढे बोलून काकांनी हात पुढे केला. कुंदाताईने मला पाण्यातून काढून पुसले आणि त्यांच्या तळहातावर ठेवले.

आता माझा जन्म सांगते. हिरड्यांच्या आजाराने काकूंचे सगळे दात काढावे लागले होते. मग डॉक्टर विद्याधरांनी जबड्याचे माप घेतले. म्हणजे मऊ लगदा तोंडात दाबून हिरड्यांचा ठसा घेतला. ठशात प्लॅस्टर ओतून साचा केला आणि साच्यावर गुलाबी मेणात दात रोवले. ती मी. असे मेणातले दात आधी लावून बघतात, त्याला ट्रायल म्हणतात.

ट्रायलच्या दिवशी काकूंनी सवयीने तोंडावर पदर धरला. कुंदाताईने आरसा पुढे केला तेव्हा पदर हळूच खाली आला.

"अगो बाय! आरशात माझी आये बसली हा," त्या म्हणाल्या. "पयलो घास सुक्या बांगड्याचो. वीस जणांक भाकऱ्यो वाढतंय नि आपण पेज पितंय. लोक हसतत."

काकूंची खानावळ होती. गिरणीच्या संपात काकांचे काम गेले, तेव्हा काकूंनी ती चाळीतल्या खोलीत सुरू केली. दोन वर्षे घर तिच्यावरच चालले. पुढे काका मुलुंडच्या एका कारखान्यात लागले. तिथे कामगारांच्या कुटुंबाचाही विमा होता. डॉक्टर म्हणाले, "पूर्वमंजुरी घ्या." म्हणजे उपचाराच्या आधीच विमा देणाऱ्यांचा होकार. तो आला की पक्की कवळी करायची.

होकार आला नाही. मी मेणातच कपाटावर पडून राहिले. चार महिन्यांनी काका परत आलेला विम्याचा फॉर्म घेऊन आले, काकूही सोबत होत्या. डॉक्टरांनी पाहिले, तर 'अवलंबित' हा रकाना कोरा.

"धोंडूभाऊ, इथे बायकोचं नाव घाला. विम्यात अवलंबित म्हणजे तुमच्या कार्डावर ज्यांना उपचार मिळतात ती माणसं. बाकी काही नाही."

"ती माझ्यावर अवलंबून? डॉक्टर, दोन वर्षं मी तिचं खाऊन जगलो. खोटं कसं लिहू?"

"अवो, लिवा ना!" काकू म्हणाल्या. "नाव घातलात म्हणान माझी चूल काय विझतली? ह्यांका मान नि माका पेज!"

सगळे हसले. काकाही हसले. "उद्या भरतो," म्हणाले.

आणखी दोन महिने गेले. शेवटी काकू एकट्याच आल्या. कमरेची पैशांची पुरचुंडी त्यांनी टेबलावर ठेवली. "करा पक्के. माझे मीच करून घेतंय."

मेण गेले, त्या जागी कडक गुलाबी प्लॅस्टिक आले. डॉक्टरांनी मला घासून चकचकीत केले आणि उजेडात धरले. "झकास बसेल," म्हणाले. माझे कौतुक झाले ते तेवढेच. मग तो गुरुवार आला.

आता खानावळ बंद आहे. मी काकांच्या खोलीत फळीवर, पाण्याच्या वाटीत असते. कोरडी ठेवली तर कवळीचा आकार बिघडतो, असे कुंदाताईने सांगितले होते. म्हणून काका रोज सकाळी पाणी बदलतात. मला कोणी लावणार नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी बदलतात.

मित्रांनो, हिरडीतून रक्त आले, दात हलू लागला, तर लगेच दाखवा. कागदावरचा शब्द अडला तर त्याच दिवशी विचारा. आणि अर्थ कळल्यावरही मन मानत नसेल, तरी आपल्या माणसासाठी तो रकाना भरा. ताठ मानेने भरा. त्यात आपले काही जात नाही.

तो फॉर्म माझ्या वाटीखाली घडी करून ठेवलेला आहे. 'अवलंबित' हा रकाना अजून कोरा आहे.