ब्रेक पायाने लागतो

शहरातल्या निम्म्या बायकांना गाडी तिने शिकवली होती. सगळे तिला ब्रेकबाई म्हणत, कारण तिच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक होता. तो दाबायची वेळ क्वचितच येई. त्याआधीच ती अशी ओरडायची की शिकणारीचा पाय आपोआप जागेवर जायचा.

छातीत गाठ निघाली तेव्हा ती सर्जनबाईंना म्हणाली, "काय काढायचं ते एकदाच काढा." त्यांनी ती गाठ काढली, आणि दुखणं पुढे सरकलंय का ते कळावं म्हणून डाव्या काखेतल्या लसीका ग्रंथीही काढल्या. ब्रेकबाई घरी आली ती कुशीतून निघालेली रबरी नळी आणि तिच्या टोकाची प्लास्टिकची बाटली घेऊन. बाटलीत लालसर पाणी साचायचं. ती रिकामी करायला नवऱ्याची थोरली बहीण मुक्कामाला आली होती. वन्सं बाटली नाक मुरडत उचलायच्या, पण रोज न चुकता उचलायच्या.

नवरा शाळेत मास्तर. बायको आजारी पडल्यापासून तो घरात चोरपावलांनी वावरायला आणि कुजबुजत बोलायला लागला होता. तिच्या डाव्या दंडाची आतली बाजू बधिर, काखेत कोणी दोरी ताणून बांधल्यासारखं. पण तिला त्याहून जास्त छळायची ती ही कुजबुज. भेटायला येणारेही दारातच आवाज उतरवत.

"आता जपायचं हो," शेजारीण म्हणाली. "केलंस तेवढं पुष्कळ केलंस."

"मी अजून गेले नाहीये," ब्रेकबाई म्हणाली. "चहा घेणार का?"

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं होतं, भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटं हळूहळू वर चढवायची. बोटं खांद्यापर्यंत चढत आणि तिथेच अडत. एका सकाळी ती अशीच भिंतीशी झुंजत असताना शेजारच्या खोलीतून मास्तरांचं फोनवरचं बोलणं कानावर आलं. "हो, महिनाअखेरच्या रविवारी या गाडी बघायला. नाही, तिला आता नकोच आहे ती."

ती तशीच आत गेली. नळी लोंबत होती, बाटली झग्याच्या खिशात.

"कोणाला नकोय?"

मास्तर दचकले. "अगं, डॉक्टरच म्हणाल्या ना, या हाताने जड उचलायचं नाही..."

"गाडी उचलायची नसते, चालवायची असते. आणि शिकवताना मी हात वापरते कुठे? तोंड वापरते आणि पाय. दोन्ही शाबूत आहेत."

"तोंडाबद्दल वाद नाही," वन्सं दारातून पुटपुटल्या.

मास्तर खाली बसले. चष्मा काढला, पुसला, हातातच धरून राहिले. "मला भीती वाटते गं," ते म्हणाले. "तू घरात असलीस की डोळ्यांसमोर तरी असतेस."

तिचा राग जरा ओसरला, पण ती हटली नाही. "भीती तुमची, आणि विकायची माझी गाडी? हा कुठला न्याय?"

"मी शब्द देऊन बसलोय त्या माणसाला."

"मग येऊ दे. बघून जाईल."

नळी काढायच्या दिवशी तपासणीचा निकालही आला. काखेतून काढलेल्या काही ग्रंथींत दुखणं सापडलं होतं. पुढे केमो घ्यावी लागणार होती. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. ब्रेकबाई म्हणाली, "म्हणजे काढल्या ते बरंच झालं. आता सांगा, गाडीत बसू का?"

"इतक्यात चालवायची नाही," सर्जनबाई म्हणाल्या. "जखम नीट भरली की शेजारी बसा. सीटच्या पट्ट्याखाली मऊ उशी ठेवा."

"शेजारी बसणं हाच माझा धंदा आहे," ती म्हणाली, आणि सर्जनबाईंना हसू आवरलं नाही.

उशी वन्संनी शिवली. शिवता शिवता सहज बोलून गेल्या, "मलाही फार वाटायचं शिकावंसं. हे म्हणायचे, तुझ्या हाती गाडी म्हणजे माकडाच्या हाती कोलीत." त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण ते वाक्य काही गेलं नव्हतं.

ब्रेकबाईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "परवा माझ्याबरोबर चला. शिकाऊ परवाना काढू."

"मी? या वयात?"

"माझी बाटली उचलायला तुमचं वय आड आलं नाही."

जखम भरल्यावर दोघी रोज सकाळी धान्याच्या गोदामामागच्या मोकळ्या पटांगणात जाऊ लागल्या. तिथवर गाडी ब्रेकबाईची एक जुनी विद्यार्थिनी नेऊन द्यायची. वन्सं क्लच सोडायच्या तो पाय भाजल्यासारखा. गाडी बेडकासारखी उडायची, पट्टा उशीवर दाबायचा आणि ब्रेकबाईच्या काखेतून कळ निघायची.

"थांबू या का? दुखतंय तुला!"

"दुखणारच! घरी पडूनही दुखतंच की. इथे निदान कोणी क्लच सोडायला तरी शिकतंय! हळू सोडा. पाय तुमचाच आहे, जाणार नाही कुठे!"

किती दिवसांनी ती अशी पोटातून ओरडली होती. ओरडल्यावर भूक लागली. त्या दिवशी ती दोनदा जेवली. मास्तर ताटाकडे बघत राहिले.

ठरलेल्या रविवारी तो माणूस आला. गाडीची जागा रिकामी होती. मास्तर त्याला बसवून घेत होते, घड्याळाकडे बघत होते, एवढ्यात फाटकातून गाडी आत शिरली, खांबाला घासली आणि आचका देऊन बंद पडली. चालकाच्या जागेवरून वन्सं उतरल्या. घामाघूम, केस विस्कटलेले, चेहरा मात्र लग्नातल्या वरमाईसारखा फुललेला.

"ताई, तू?" मास्तर म्हणाले.

तो माणूस वाकून पत्रा तपासत होता. "हा ओरखडा ताजा दिसतोय."

"आजचाच आहे," वन्सं अभिमानाने म्हणाल्या.

ब्रेकबाई दुसऱ्या बाजूने सावकाश उतरली. "दादा, खेप फुकट गेली तुमची. गाडी विकायची नाही. विकायला काढणाऱ्याने मालकिणीला विचारलं नव्हतं."

माणसाने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी खाली बघत मान हलवली. "खरं आहे. चूक माझी."

पहिल्या केमोच्या सकाळी मास्तरांनी टॅक्सी बोलवायला फोन काढला, तर दोघी आधीच गाडीत बसलेल्या. ते मुकाट्याने मागे बसले आणि वरची कडी दोन्ही हातांनी धरली. ब्रेकबाईला रात्रभर झोप नव्हती. तिलाही भीती वाटत होती, पण ती तिने कोणाला सांगितली नव्हती. चौकात एक ट्रक आडवा घुसला. वन्सं गांगरल्या, त्यांनी गाडी थांबवली. मागून हॉर्नचा गोंगाट सुरू झाला.

"घाबरताय कशाला?" ब्रेकबाई खणखणीत आवाजात म्हणाली. "वाजवा तुम्हीही हॉर्न! रस्ता आपल्या बापाचा नाही, पण त्याच्याही बापाचा नाही!"

वन्संनी हॉर्न दाबला तो ट्रक मागे सरेपर्यंत सोडला नाही.